‘खगोलीय’ आकडे : ताऱ्यांच्या शास्त्राने दिलेले विशेषण

एखाद्या खेळाडूच्या मानधनाची बोली असो, मुंबईतील भूखंडाचा भाव असो वा एखाद्या घोटाळ्यातील रक्कम असो, इंग्रजी वृत्तपत्रांत अशा आकड्यांच्या मागे हमखास एक विशेषण येऊन उभे राहते, ते म्हणजे ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल’. इंग्रजीच्या सहवासामुळे अलीकडे मराठीतही ‘खगोलीय रक्कम’ असा शब्दप्रयोग अधूनमधून कानावर पडतो. मूळ अर्थाने हा शब्द केवळ ‘खगोलशास्त्राशी संबंधित’ एवढेच सांगतो. ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या एका शास्त्राचे नाव ‘प्रचंड’ या अर्थाला कसे चिकटले, याचा मागोवा घेऊ लागलो की भाषेबरोबरच मानवाच्या विश्वविषयक कल्पना कशा बदलत गेल्या, याचाही इतिहास उलगडत जातो.

नावात आकार नाही, नियम आहे

‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. ‘अ‍ॅस्ट्रॉन’ म्हणजे तारा आणि ‘नोमोस’ म्हणजे नियम, व्यवस्था. ताऱ्यांच्या गतीमागील व्यवस्था शोधणारे ते शास्त्र, असा त्याचा सरळ अर्थ. त्याचे विशेषणरूप लॅटिनमधून इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्यास रुळले. त्यानंतरची सुमारे तीन शतके या विशेषणाला शास्त्राबाहेर काही काम नव्हते. खगोलीय कोष्टके, खगोलीय घड्याळ, खगोलीय वेध अशाच संदर्भांत ते वापरले जाई. त्या शब्दाबरोबर मनात येणारा गुण कोणता असेल, तर तो अचूकपणाचा. समुद्रावरील जहाजाचे स्थान, सणांच्या तिथी, ग्रहणाची वेळ या साऱ्या गोष्टी खगोलशास्त्रज्ञांच्या कोष्टकांवर अवलंबून असत. या कोष्टकांतील चूक ही दर्यावर्दी माणसाच्या जिवावर बेतणारी चूक असे.

‘प्रचंड, अफाट, कल्पनेपलीकडचा’ हा अर्थ या विशेषणाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीअखेरीस चिकटलेला दिसतो. फ्रेंच आणि जर्मन भाषांतही त्या त्या रूपातील शब्द आज याच अर्थाने सर्रास वापरले जातात. मग प्रश्न असा, की दोन हजार वर्षांहून जुन्या शास्त्राचे नाव इतक्या उशिरा विशालतेचे प्रतीक का झाले? याचे उत्तर असे, की तोपर्यंत पाश्चात्त्यांचे विश्व मुळी इतके विशाल नव्हतेच.

आटोपशीर विश्व

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या टॉलेमीने विश्वाची जी मापे मांडली, ती युरोपात आणि अरब जगतात जवळजवळ चौदाशे वर्षे प्रमाण मानली गेली. त्याच्या हिशेबाने सूर्य पृथ्वीपासून पृथ्वीच्या १,२१० त्रिज्यांइतक्या अंतरावर होता. आजच्या मापात हे अंतर सुमारे ७७ लाख किलोमीटर भरते. तारे जडवलेला गोल सुमारे २० हजार त्रिज्यांवर, म्हणजे पावणेतेरा कोटी किलोमीटरवर होता आणि तेथे विश्व संपत होते. प्रत्यक्षात सूर्यच आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. टॉलेमीचे संपूर्ण विश्व आजच्या पृथ्वी-सूर्य अंतरातही सामावले असते! अशा विश्वाचे नाव घेऊन कोणी मोठ्या रकमेचे वर्णन करील, हे संभवनीय नव्हते.

१५४३ मध्ये कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्त प्रसिद्ध झाला आणि या आटोपशीर विश्वाला पहिला तडा गेला. पृथ्वी जर सूर्याभोवती फिरत असेल, तर जानेवारीत आणि जुलैत आपण तारा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहतो. तेव्हा तो किंचित सरकलेला दिसावयास हवा. या सरकण्याला ‘पराशय’ म्हणतात. डोळ्यांसमोर बोट धरून आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटला, की मागील भिंतीच्या संदर्भात बोट सरकलेले दिसते, त्यातलाच हा प्रकार. पण ताऱ्यांचा पराशय कोणालाच दिसेना. एकतर पृथ्वी स्थिर आहे किंवा तारे अतोनात दूर आहेत, असे दोनच पर्याय उरले. त्या काळातील सर्वोत्तम वेधकर्ता टायको ब्राहे याने यांपैकी पहिला पर्याय पत्करला. शनीपलीकडे इतकी अवाढव्य निरर्थक पोकळी असावी, हे त्याच्या बुद्धीला पटेना. पुढे दुसरा पर्यायच खरा ठरला.

अंतरे मोजण्याचा खटाटोप

ताऱ्यांकडे वळण्यापूर्वी सूर्याचे अंतर निश्चित होणे आवश्यक होते. १६७२ मध्ये कॅसिनीने पॅरिसहून आणि त्याचा सहकारी रिशे याने दक्षिण अमेरिकेतील कायेन येथून एकाच सुमारास मंगळाचे वेध घेतले. त्या दोहोंतील फरकावरून सूर्याचे अंतर सुमारे १४ कोटी किलोमीटर निघाले. सूर्य अचानक वीसपट दूर गेला म्हणा ना!

याहून चांगले माप मिळवण्याचा मार्ग एडमंड हॅली याने १७१६ मध्ये सुचवला होता. शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जातो, त्या दुर्मीळ अधिक्रमणाचे वेध पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून घ्यावेत, अशी ती कल्पना. त्यानुसार १७६१ आणि १७६९ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञ जगभर पांगले. त्यातील ल जांतील या फ्रेंच शास्त्रज्ञाची कहाणी आपल्या देशाशी निगडित आहे. १७६१ मध्ये तो पाँडिचेरीला निघाला, पण पोहोचण्यापूर्वीच ते ठाणे इंग्रजांच्या ताब्यात गेले होते. डुलत्या जहाजावरून घेतलेले वेध निरुपयोगी ठरले. म्हणून पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच थांबला आणि पाँडिचेरीत परतून त्याने वेधशाळा उभारली. ४ जून १७६९ च्या सकाळी ऐन वेळी आभाळ भरून आले आणि त्याला काहीच दिसले नाही. इतरांनी घेतलेल्या वेधांतून मात्र सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटरच्या आसपास असल्याचे स्पष्ट झाले.

ताऱ्याच्या अंतराची पहिली खात्रीलायक मोजणी झाली ती १८३८ मध्ये. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेल याने कनिग्सबर्गच्या वेधशाळेतून हंस तारकासमूहातील ‘६१ सिग्नी’ या अंधूक ताऱ्याचा पराशय मोजला. तो एका अंशाच्या ३,६०० व्या भागाचाही जेमतेम एकतृतीयांश होता. एक रुपयाचे नाणे १५ किलोमीटरवर उभे करून पाहावे, तेवढाच हा कोन. त्यावरून या ताऱ्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ६ लाख ५७ हजार पट निघाले. त्या ताऱ्याहून प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, असे बेसेलने नमूद केले. आजचे माप ११.४ वर्षांचे आहे.

बेसेलच्या मोजणीनंतर आकड्यांचा एक नवा वर्ग जन्माला आला. असे आकडे किलोमीटरांत वा मैलांत लिहिणे सोयीचे राहिले नाही. ‘प्रकाशवर्ष’ हा शब्द जर्मन भाषेत १८५१ मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या एका लेखात अवतरला. तो मापनापेक्षा समजावण्यासाठी जन्मलेला शब्द होता. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. पुढे १९१३ मध्ये ‘पार्सेक’ हे एकक आले, ते ३.२६ प्रकाशवर्षांचे. शास्त्रज्ञ एकके बदलून आकडे लहान करीत होते, तर त्याच सुमारास लोकप्रिय विज्ञानाचे लेखक उलट काम करीत होते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेले कामीय फ्लामारिऑन यांचे खगोलशास्त्रावरील फ्रेंच पुस्तक अमाप खपले. अशा पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि स्वस्त वृत्तपत्रांतून शून्यांच्या लांबलचक माळा प्रथमच घरोघरी पोहोचल्या. सर्वसामान्य माणसाला इतके मोठे आकडे दुसऱ्या कोणत्याही विषयात भेटत नव्हते. तेव्हा ‘खगोलशास्त्रातल्यासारखा आकडा’ या तुलनेचे ‘खगोलीय आकडा’ असे विशेषण बनावे, हे ओघानेच आले.

विश्वाकडून बाजाराकडे

विसाव्या शतकाने या अर्थाला दोन्ही बाजूंनी खतपाणी घातले. एकीकडे विश्व फुगत गेले. हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकी विदुषीने १९१२ मध्ये विशिष्ट प्रकारच्या रूपविकारी ताऱ्यांचा आवर्तकाल आणि त्यांची तेजस्विता यांतील संबंध निश्चित केला. या ताऱ्यांचा मोजपट्टीसारखा उपयोग करून एडविन हबल याने १९२३ पासून केलेल्या वेधांतून देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवून दिले. आजच्या मापाने ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

दुसरीकडे, त्याच १९२३ मध्ये जर्मनीत चलन कोसळत होते. नोव्हेंबर महिन्यात एका अमेरिकी डॉलरसाठी ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. पावाच्या किमतीत आता प्रकाशवर्षाच्या तोडीची शून्ये दिसू लागली. हंगेरीने तर १९४६ मध्ये कळस केला. १ ऑगस्टला तेथे फोरिंट हे नवे चलन आले, तेव्हा एका फोरिंटचा विनिमय दर चारावर एकोणतीस शून्ये इतक्या जुन्या पेंग्यो नोटांचा होता. दृश्य विश्वातील एकूण ताऱ्यांचा अंदाज एकावर बावीस ते चोवीस शून्ये असा केला जातो. म्हणजे चलनफुगवट्याने ताऱ्यांनाही मागे टाकले! जानेवारी २००९ मध्ये झिम्बाब्वेने काढलेली शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, म्हणजे एकावर चौदा शून्यांची नोट, ही या परंपरेतील अलीकडची आठवण.

विख्यात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या नावावर या संदर्भात एक मार्मिक शेरा सांगितला जातो. आकाशगंगेतील ताऱ्यांची संख्या एकेकाळी अवाढव्य वाटे. परंतु आता सरकारची वित्तीय तूटच तिच्याहून मोठी झाली आहे, तेव्हा अशा आकड्यांना खगोलशास्त्राऐवजी अर्थशास्त्राचे नाव द्यावे, असा त्याचा मथितार्थ. विनोद बाजूला ठेवला, तरी यात तथ्य आहे. मोठ्या संख्यांवरील खगोलशास्त्राची मक्तेदारी केव्हाच संपली आहे. १८ ग्रॅम पाण्यातील रेणूंची संख्या सहावर तेवीस शून्ये इतकी, म्हणजे दृश्य विश्वातील ताऱ्यांच्या पंक्तीला बसणारी आहे. पत्त्यांच्या ५२ पानांचा क्रम जितक्या प्रकारांनी लागू शकतो, ती संख्या तर आठावर सदुसष्ट शून्यांच्या घरात जाते. पण एकदा रूढ झालेला शब्द असा सहजासहजी बदलत नाही.

आपल्याकडे काय घडले?

भारतात या प्रश्नाला वेगळेच वळण आहे. येथे खगोलगणितात महाकाय संख्या प्राचीन काळापासून नांदत होत्या. सूर्यसिद्धान्तात एका महायुगाची ४३ लाख २० हजार वर्षे मानली असून, तेवढ्या काळात चंद्राच्या ५ कोटी ७७ लाख ५३ हजार ३३६ प्रदक्षिणा आणि १ अब्ज ५७ कोटी ७९ लाख १७ हजार ८२८ दिवस सांगितले आहेत. याच ग्रंथात ब्रह्मांडाच्या परिघाची संख्या सुमारे १८७ कोटी कोटी योजने इतकी येते.

वरवर पाहता या संख्या डोळे दिपवण्यासाठी दिल्या आहेत, असे वाटावे. पण दिवसांच्या संख्येला चंद्राच्या प्रदक्षिणांनी भागून पाहावे. उत्तर येते २७.३२१६७ दिवस. चंद्राच्या नाक्षत्रमासाचे आजचे मान २७.३२१६६ दिवस आहे. दशांश अपूर्णांक लिहिण्याची आजची पद्धत नसताना इतके सूक्ष्म मान जतन करण्याचा उपाय म्हणजे काळाचा अवधीच एवढा मोठा घ्यायचा, की प्रदक्षिणांची संख्या पूर्णांकात येईल. इथे संख्येचा मोठेपणा सूक्ष्मतेच्या चाकरीला होता. ब्रह्मांडाच्या परिघाचा आकडाही असाच गणिताने आला आहे. सर्व ग्रह सारख्याच काळात सारखेच अंतर तोडतात, हे गृहीतक धरून चंद्राच्या कक्षेला त्याच्या एका कल्पातील प्रदक्षिणांनी गुणले, की तो मिळतो. गृहीतक चुकीचे होते, पण हिशेब चोख होता.

अशा संख्यांना नावेही होती. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त एक, दश, शत यांपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे येतात. त्यात अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये, निखर्व म्हणजे अकरा, जलधि म्हणजे चौदा आणि परार्ध म्हणजे सतरा. आकाशगंगेतील ताऱ्यांना ‘काही निखर्व’ म्हणता येईल आणि झिम्बाब्वेची ती नोट बरोबर एक जलधि डॉलरची भरेल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

‘खगोल’ या शब्दातील ‘ख’ हे अक्षरही मोठे अर्थपूर्ण आहे. ‘ख’ म्हणजे आकाश. परंतु संख्या शब्दांनी सांगण्याच्या जुन्या पद्धतीत ‘रद’ म्हणजे दात हा शब्द बत्तीससाठी, ‘अर्णव’ म्हणजे समुद्र हा चारसाठी, तसाच ‘ख’ हा शून्यासाठी वापरला जाई. एखाद्या राशीला शून्याने भागल्यावर येणाऱ्या अनंत राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले आहे. रिकामे आकाश, शून्य आणि अनंत ही तिन्ही टोके अशी एका अक्षरापाशी येऊन मिळतात.

एवढे असूनही मराठीने ‘प्रचंड’ या अर्थासाठी खगोलशास्त्राकडे धाव घेतली नाही, ही लक्षणीय बाब आहे. मराठी माणसाला मोठेपणा सांगायचा झाला, तर तो शास्त्राला न बोलावता डोळ्यांना दिसणाऱ्या आभाळालाच बोलावतो. भाव गगनाला भिडतात, इमारती गगनचुंबी असतात, काही माणसे आभाळाएवढी होतात आणि महत्त्वाकांक्षा आकाशाला गवसणी घालते. शास्त्राकडून मराठीने घेतले ते दुर्मीळपणाचे आणि संकटाचे शब्द. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात योग हे सारे क्वचितच जुळून येते. म्हणून दोन जुने मित्र बऱ्याच वर्षांनी भेटले, की तो ‘कपिलाषष्ठीचा योग’ ठरतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने साधारण ३३ महिन्यांनी अधिक महिना धरावा लागतो. पंचांगातील या निव्वळ दुरुस्तीतून ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण निघाली. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो, तेव्हा तीन राशींची साडेसात वर्षे होतात. त्यावरून मागे लागलेल्या कोणत्याही कटकटीला ‘साडेसाती’ हे नाव मिळाले.

दस्तुरखुद्द शास्त्राच्या नावाचेही असेच झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेला ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ म्हणजे आपल्याकडील खगोलगणिताचा साक्षेपी इतिहास. ज्योती म्हणजे आकाशस्थ तेजोगोल, त्यांचे ते ज्योतिःशास्त्र. पण ‘ज्योतिष’ हा शब्द व्यवहारात भविष्यकथनाकडे इतका झुकला, की ग्रहताऱ्यांच्या अभ्यासासाठी ‘खगोलशास्त्र’ हा निराळा शब्द पुढे करावा लागला. आता त्यालाही ‘अवाच्या सवा’ असा अर्थ जोडला गेला, तर शास्त्राने नवे नाव कोठून आणायचे?

मोजण्याचे शास्त्र, न मोजण्याचा शब्द

शब्दांचे अर्थ बदलतात, ही तक्रारीची बाब नव्हे. पण या अर्थपालटात एक विसंगती दडली आहे आणि ती नागरिक म्हणून आपल्याला महाग पडू शकते. एखाद्या रकमेला ‘खगोलीय’ म्हटले, की ‘ही मोजण्याच्या पलीकडची आहे, तेव्हा तिचा विचार करण्यात अर्थ नाही’, असे आपण नकळत सुचवत असतो. खगोलशास्त्राचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. कितीही दूरची गोष्ट असो, तिचे माप काढायचेच आणि त्या मापात चूक किती असू शकते, हेही सांगायचे, या हट्टावर ते शास्त्र उभे आहे. पृथ्वी-सूर्य अंतरावर आधारलेले ‘खगोलीय एकक’ २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने १४ कोटी ९५ लाख ९७ हजार ८७०.७ किलोमीटर असे निश्चित केले. त्यात दशांशचिन्हानंतरचे सातशे मीटरही सोडलेले नाहीत. २०१३ मध्ये सोडलेल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या युरोपच्या ‘गाया’ या यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थाने टिपली. त्यातील तेजस्वी ताऱ्यांच्या मापनाची सूक्ष्मता बेसेलने मोजलेल्या कोनाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत गेली आहे.

मोठ्या आकड्यांना वठणीवर आणण्याच्या खगोलशास्त्रज्ञांच्या युक्त्या आपल्यालाही वापरता येण्याजोग्या आहेत. पहिली युक्ती तुलनेची. लाख, कोटी आणि लाख कोटी हे शब्द बोलताना सारखेच सोपे वाटतात. पण सेकंदांत मोजले तर एक लाख सेकंद म्हणजे सव्वा दिवसाहूनही कमी, एक कोटी सेकंद म्हणजे सुमारे चार महिने आणि एक लाख कोटी सेकंद म्हणजे जवळजवळ ३१ हजार ७०० वर्षे. दोन घोटाळ्यांतील एक कोटीचा आणि दुसरा लाख कोटींचा असेल, तर दोन्हींना ‘प्रचंड’ म्हणून मोकळे होणे म्हणजे चार महिने आणि अश्मयुग यांतला भेद विसरणे होय.

दुसरी युक्ती एकक बदलण्याची. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये होता. प्रत्येक रुपयाला एक किलोमीटर धरला, तर हे अंतर ५.३५ प्रकाशवर्षे होते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा असलेला प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. अर्थसंकल्प त्याच्याही पुढे जातो. महाराष्ट्राचा त्याच वर्षाचा सुमारे सात लाख कोटींचा अर्थसंकल्प प्रकाशाला सुमारे नऊ महिने चालवील. म्हणजे अर्थसंकल्प शब्दशः ‘खगोलीय’ आहे, असे म्हणायला हरकत नाही. मात्र तेथेच थांबू नये. केंद्राच्या त्याच रकमेला देशाच्या सुमारे १४६ कोटी लोकसंख्येने भागले, की माणशी वर्षाला जेमतेम ३५ हजार रुपये, महिन्याला तीन हजारांहून थोडे कमी येतात. त्यात संरक्षण आले, रेल्वे आली, जुन्या कर्जांवरचे व्याजही आले. आता हा आकडा घरखर्चाच्या वहीशेजारी ठेवता येतो. तो पुरेसा आहे की अपुरा, योग्य ठिकाणी जातो की नाही, असे प्रश्न विचारता येतात. तारे मोजण्याइतका दूर असलेला आकडा एका भागाकाराने हाताच्या अंतरावर आला.

प्रकाशवर्षाच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. ‘आमच्या गावापासून विकास अजून कित्येक प्रकाशवर्षे दूर आहे’ हे ठीक. पण ‘प्रकाशवर्षे लोटली’ असे म्हणणे चुकीचे. नावात वर्ष असले, तरी ते अंतराचे माप आहे, काळाचे नव्हे.

खगोलशास्त्र मराठीत रसाळ पण काटेकोर भाषेत सांगण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मे २०२५ मध्ये दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘आकाशाशी जडले नाते’सारख्या ग्रंथातून ती समृद्ध केली. अफाट अंतरे सांगतानाही ती कशी मोजली, हे वाचकाला समजलेच पाहिजे, असा त्या लेखनाचा बाणा होता. ‘खगोलीय’ हे विशेषण मराठीत रुळायचेच असेल, तर त्याच्याबरोबर हा बाणाही यावा. भाव गगनाला भिडले, एवढे सांगून मराठी माणसाचे आजवर भागत आले आहे. ‘खगोलीय’ म्हणणाऱ्याने मात्र पुढचा प्रश्न टाळू नये : नेमके किती, कशाच्या किती पट आणि ते मोजले कोणी?